खातेप्रमुख नेमण्याआधी त्याचे काम लिहून काढा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुंबई, पुण्यासह राज्यातील अनेक महापालिकांतील नगरसेवकांची मुदत २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात असल्यामुळे निवडणुका लांबत गेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतरच त्यांचा मार्ग मोकळा झाला. मधल्या काळात सभागृहे रिकामी आहेत, प्रशासकाला प्रश्न विचारणारे कोणी नाही, याविषयी आपल्या वृत्तपत्रासह सर्वत्र पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. मात्र महापालिकेच्या इमारतीत आणखीही काही खुर्च्या वर्षानुवर्षे रिकाम्या असतात आणि निवडणूक झाली म्हणून त्या भरत नाहीत. शहर अभियंता, आरोग्य अधिकारी, मुख्य लेखा व वित्त अधिकारी, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण या खात्यांचे प्रमुख, मुख्य अग्निशमन अधिकारी, शिक्षण आणि घनकचरा व्यवस्थापन सांभाळणारे उपायुक्त ही ती पदे होत. ही माणसे कशी निवडली जातात, त्यांची निवड कोण करते आणि ती कोणत्या कसोटीवर होते, याबद्दल नागरिकांना जवळजवळ काहीही कळत नाही. त्या विषयावर थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेत आहे.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे एका महापालिकेच्या आस्थापना विभागात गेली. नेमणुका, पदोन्नत्या, सेवाज्येष्ठतेच्या याद्या, बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, याचा क्रम) आणि विभागीय चौकशा यांच्या नस्ती, म्हणजे फाइली, हेच माझे रोजचे काम होते. खातेप्रमुखाचे पद रिकामे झाले की काय घडते, हे त्यामुळे मी अगदी जवळून पाहिले आहे. सेवानिवृत्तीची तारीख कर्मचारी नोकरीला लागतो त्या दिवसापासून सेवापुस्तकात लिहिलेली असते, म्हणजे पद कधी रिकामे होणार हे कार्यालयाला कित्येक वर्षे आधी ठाऊक असते. तरीही प्रस्ताव हलतो तो शेवटच्या आठवड्यात. मग त्या खात्यातील एखाद्या कार्यकारी अभियंत्याकडे किंवा शेजारच्या खात्याच्या प्रमुखाकडे ‘पुढील आदेश होईपर्यंत’ अतिरिक्त कार्यभार देण्याचा एका परिच्छेदाचा आदेश निघतो. तो पुढील आदेश अनेकदा कार्यभार घेणाऱ्याच्या स्वतःच्या निवृत्तीपर्यंत निघत नाही.

पदभार हस्तांतरणाचा कागदही पाहण्यासारखा असतो. त्यात कपाटाच्या किल्ल्या, शासकीय वाहन, धनादेश पुस्तके, शिक्के, जडवस्तू नोंदवही आणि प्रलंबित न्यायालयीन प्रकरणांची यादी असते. जाणाऱ्याची सही, येणाऱ्याची सही, मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर याची नोंद, सारे काटेकोर. परंतु खात्याची आजची स्थिती काय आहे, कोणती जलवाहिनी कोणत्याही दिवशी फुटू शकते, कोणत्या ठेकेदाराची मुदत कधी संपते, कोणत्या दवाखान्यात डॉक्टर नाही आणि पुढच्या तीन वर्षांत काय पूर्ण झालेच पाहिजे, याची एक ओळही त्या कागदावर नसते. नव्या माणसाला किल्ल्या मिळतात, खाते मिळत नाही.

या पद्धतीत प्रभारी अधिकाऱ्यावरही मोठा अन्याय होतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. जबाबदारी पूर्ण पदाची, अधिकार मात्र संशयाच्या छायेत, असे त्याचे दिवस जातात. मोठ्या निविदेवर सही करताना त्याच्या मनात असते की उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर आपण उत्तर द्यायचे आणि परवा कोणी मर्जीतला आला तर आपण मूळ जागी परतायचे. साहजिकच निर्णय पुढे ढकलला जातो, नस्तीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा पडतो आणि ती पुन्हा खाली येते. शिवाय प्रभारी माणसाला त्याच्या जागेवरून हलवायला कोणतेही कारण लागत नाही, त्यामुळे त्याने कोणाला ‘नाही’ म्हणावे अशी अपेक्षा ठेवणेच व्यर्थ असते. ज्यांना असा माणूस सोयीचा वाटतो त्यांना पद कायमचे भरण्याची घाई का असेल? कार्यभाराची ही प्रथा इतकी वर्षे टिकली, ती प्रशासकीय ढिलाईपेक्षा या सोयीमुळेच टिकली, असे माझे ठाम मत आहे.

कायदा याबाबतीत मुका नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ याच्या कलम ४५ मध्ये शहर अभियंता, आरोग्य अधिकारी, मुख्य लेखापरीक्षक आणि नगरसचिव या पदांचा नावानिशी उल्लेख आहे आणि योग्य व्यक्तीची नेमणूक महापालिकेने राज्य सरकारच्या मान्यतेने करावी, असे त्याच्या मूळ तरतुदीत आहे. आयुक्तांचे तसे नाही. कलम ३६ प्रमाणे त्यांची नेमणूक राज्य सरकार करते आणि सभागृहाच्या हाती उरतो तो फक्त एकूण नगरसेवकांपैकी किमान पाच-अष्टमांश जणांनी ठराव करून त्यांना परत पाठवण्याचा अधिकार. आयुक्तांची निवड कोणी करावी हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, त्यात मी शिरत नाही. पण खातेप्रमुखांच्या बाबतीत सभागृहाला भूमिका असावी हे कायदा करणाऱ्यांना अभिप्रेत होते, एवढे कलम ४५ वरून दिसते. नागरी संस्थांना घटनात्मक स्थान देणारी ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली आणि घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय नोंदवले गेले, तेव्हा तर ही भूमिका अधिक बळकट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात आज निम्म्या खुर्च्यांवर राज्य शासनाच्या निरनिराळ्या सेवांतून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी आणि उरलेल्यांवर प्रभारी, असे दृश्य अनेक ठिकाणी असते. सभागृहाला नाव कळते ते वर्तमानपत्रातून.

प्रतिनियुक्तीवर येणारे अधिकारी वाईट असतात असे मी मुळीच म्हणत नाही. महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतून आलेल्या काही अधिकाऱ्यांनी महापालिकांच्या हिशेबांना जी शिस्त लावली ती आतल्या माणसांना जमली नसती, हे मी कृतज्ञतेने नमूद करते. अडचण आहे ती त्यांच्या टिकण्याची. बदल्यांच्या विनियमनाचा २००५ चा राज्याचा कायदा शासकीय कर्मचाऱ्याचा सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा मानतो, पण लेखी कारणे नोंदवून आणि वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेऊन मुदतपूर्व बदली करण्याची वाटही तोच कायदा देतो. विशेष परिस्थितीसाठी ठेवलेली ती वाट किती रुळली आहे हे मंत्रालयाच्या कोणत्याही मे-जूनमधल्या आदेशांवरून दिसते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर निकाल देताना सनदी अधिकाऱ्यांना किमान निश्चित कार्यकाल द्यावा आणि बदल्यांसाठी नागरी सेवा मंडळे नेमावीत असे सांगितले. केंद्राने स्मार्ट सिटी अभियानाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत, शहरात ते अभियान राबवणाऱ्या कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला तीन वर्षांची निश्चित मुदत दिली आणि केंद्रीय मंत्रालयाच्या पूर्वमान्यतेशिवाय त्याला काढू नये अशीही अट घातली. एका अभियानाच्या कंपनीसाठी जे शहाणपण सुचले, ते शहराला रोज पाणी पुरवणाऱ्या खात्यासाठी का सुचू नये?

मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. ब्रिमस्टोवॅड या नावाने ओळखला जाणारा अहवाल १९९३ मध्ये तयार झाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले, तेव्हा तो अहवाल पुन्हा कपाटातून बाहेर काढण्यात आला. त्या विलंबाला पैशांपासून अतिक्रमणांपर्यंत अनेक कारणे होती, सगळा दोष नेमणुकांवर ढकलणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु दहा-पंधरा वर्षे चालणारे काम ज्याने शेवटाला न्यायचे, त्या पदावर माणूस किती काळ राहतो आणि जाताना पुढच्याला काय देऊन जातो, हा प्रश्न अशा प्रत्येक कामात असतोच.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. माझ्या अनुभवात या पदांची निवड बिघडते ती मुलाखतीच्या दालनात नव्हे, त्याच्या फार आधी, कारण नेमके कोणते काम करण्यासाठी माणूस हवा आहे हे कोणीही लिहून काढलेले नसते. सेवाप्रवेश नियमांत पदवी, अनुभवाची वर्षे आणि वयोमर्यादा असते. आकृतिबंधात पदसंख्या आणि वेतनश्रेणी असते. कर्तव्यसूची नावाचा एक कागद असतो, तो बहुधा कित्येक वर्षांपूर्वीचा असतो आणि त्याचा शेवट ‘वरिष्ठ वेळोवेळी सोपवतील ती अन्य कामे’ या वाक्याने होतो. या तिन्हींत शहराची आजची गरज कुठेच नसते. आरोग्य अधिकारी हवा, एवढे सर्वांना कळते. पण या शहराला पुढच्या पाच वर्षांत साथरोगांच्या सर्वेक्षणाची व्यवस्था उभी करणारा माणूस हवा आहे, की बंद पडलेली प्रसूतिगृहे चालू करणारा, की वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रस्ताव पुढे नेणारा, हे ठरवल्याशिवाय योग्य उमेदवार म्हणजे कोण हे कसे ठरणार? मग ठरवते ती सेवाज्येष्ठता किंवा शिफारस.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिया-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. सिंहगड रस्त्याच्या बाजूचा, २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलेल्या नांदेड, किरकटवाडी यांसारख्या गावांचा परिसर त्यात प्रामुख्याने होता आणि संशय पिण्याच्या पाण्याकडे गेला. कोणाकडे बोट दाखवण्यासाठी ही घटना मी सांगत नाही. पण हद्दवाढ झालेल्या शहरात आरोग्य अधिकाऱ्याचे काम रुग्णालयांपुरते राहत नाही, त्याला विहिरी, टँकर, खासगी जलशुद्धीकरण केंद्रे आणि मलवाहिन्या यांविषयी पाणीपुरवठा खात्याशी रोज बोलावे लागते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. असे काम करण्याची क्षमता उमेदवारात आहे की नाही, हे पदवी प्रमाणपत्रावरून कळत नाही. ते काम पदाच्या विवरणात लिहिलेले असेल तरच निवड समिती त्याबद्दल प्रश्न विचारू शकेल.

या संदर्भात इंग्लंडमधील स्थानिक कौन्सिलांची पद्धत आपल्याकडच्या नगरविकास विभागाने अभ्यासावी, असे मला वाटते. तिथे वरिष्ठ संचालकाची नेमणूक हे कौन्सिलच्या कामातले एक गंभीर काम मानले जाते. १९८९ च्या लोकल गव्हर्न्मेंट अँड हाउसिंग ॲक्टच्या कलम ७ नुसार कौन्सिलच्या प्रत्येक कर्मचाऱ्याची नेमणूक गुणवत्तेवरच झाली पाहिजे. १९९३ च्या नियमांप्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याचे पद केवळ अंतर्गत उमेदवारांतून भरायचे नसेल, तर कौन्सिलने आधी त्या पदाची कर्तव्ये आणि लागणारी पात्रता यांचे लेखी विवरण तयार करायचे, पात्र लोकांच्या नजरेस पडेल अशी जाहिरात द्यायची आणि जो मागेल त्याला ते विवरण पाठवायचे, असा क्रम आहे. कागद आधी, माणूस नंतर. मुलाखती घेणारी समिती प्रामुख्याने निवडून आलेल्या सदस्यांची असते आणि तिला मानवसंसाधन विभागाचे व बाहेरच्या तज्ज्ञांचे साहाय्य मिळते.

तिथल्या काही पदांमागे इतिहास आहे. व्हिक्टोरिया क्लिंबी या लहान मुलीचा २००० साली छळामुळे मृत्यू झाला आणि अनेक यंत्रणांशी संपर्क येऊनही तिला कोणी वाचवू शकले नाही, तेव्हा लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीनंतर मुलांच्या सेवांसाठी एकच उत्तरदायी संचालक असावा ही गोष्ट २००४ च्या चिल्ड्रेन ॲक्टने बंधनकारक केली. आता अनेक कौन्सिलांत या संचालकाच्या निवडीवेळी कौन्सिलच्या देखभालीखाली वाढणाऱ्या मुलांचाही एक गट उमेदवारांना भेटतो, त्यांना प्रश्न विचारतो आणि आपले मत समितीला कळवतो. अंतिम निर्णय सदस्यांचाच असतो. पण ज्यांच्यासाठी पद आहे त्यांच्यासमोर उमेदवार कसा बोलतो, त्यांचे ऐकतो की त्यांना उपदेश करतो, हे समितीला पाहायला मिळते. आपल्याकडे शिक्षण खात्याच्या प्रमुखाने निवड होण्याआधी महापालिका शाळेतल्या पालकांसमोर अर्धा तास बसावे अशी कल्पना मांडली, तर आस्थापना विभागात लोक चमकून पाहतील, याची मला जाणीव आहे. तरीही मी ती मांडते आहे.

वित्त अधिकाऱ्याचे पद तिथे आणखी भक्कम आहे. १९७२ च्या लोकल गव्हर्न्मेंट ॲक्टच्या कलम १५१ नुसार आर्थिक कारभाराची जबाबदारी एका विशिष्ट अधिकाऱ्यावर असते, १९८८ च्या कायद्याप्रमाणे तो मान्यताप्राप्त लेखा संस्थेचा सदस्य असावा लागतो आणि खर्च उत्पन्नाबाहेर जात आहे असे दिसल्यास त्याने कलम ११४ खाली अहवाल द्यायचा असतो, ज्यानंतर नवा खर्च थांबतो. असा अहवाल देणारा माणूस सत्ताधाऱ्यांना नकोसा होणार हे ओळखून प्रमुख वैधानिक अधिकाऱ्यांना सहजासहजी काढता येणार नाही अशी तरतूदही केली आहे. त्यांना बडतर्फ करायचे तर प्रकरण संपूर्ण कौन्सिलसमोर न्यावे लागते आणि त्याआधी स्वतंत्र व्यक्तींचे मत घ्यावे लागते. २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टमुळे वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वेतनाचे धोरण दरवर्षी कौन्सिलने मंजूर करून प्रसिद्ध करावे लागते.

एवढे असूनही सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या कौन्सिलवर कलम ११४ चा अहवाल देण्याची वेळ आली. निवडीची पद्धत चांगली असली म्हणजे कारभार आपोआप चांगला होतो, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. उमेदवार शोधून देणाऱ्या खासगी संस्थांवर तिथे होणारा खर्चही आपल्याला परवडणारा नाही आणि त्याची गरजही नाही. घेण्यासारखी आहे ती मूळ शिस्त, म्हणजे काम लिहा, जाहीर करा, त्याच कामावर उमेदवार तपासा आणि नेमल्यावर त्याला टिकू द्या.

आपल्याकडची तपासणी कशी होते तेही सांगते. उमेदवाराचे गोपनीय अहवाल, विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला, मत्ता व दायित्वाचे विवरणपत्र आणि जात पडताळणी असे सर्व कागद नस्तीला लागतात. ते लागलेच पाहिजेत. पण माणसाने काही गैर केलेले नाही, एवढेच त्यांवरून कळते, त्याने काय केले ते कळत नाही. पाणीपुरवठा खात्याच्या प्रमुखपदासाठी आलेल्या अभियंत्याच्या आधीच्या शहरात गळतीचे प्रमाण कमी झाले का, त्याने मीटर बसवताना झालेला विरोध कसा हाताळला, उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्यांचे हिशेब त्याच्या काळात जुळत होते का, हे कोणी विचारत नाही. मुलाखत काही मिनिटांत उरकते आणि तिच्यात नाव, गाव, सेवेची वर्षे यांची उजळणीच अधिक होते. त्याऐवजी उमेदवाराला आदल्या दिवशी त्याच शहराचा अर्थसंकल्प आणि एखाद्या रखडलेल्या योजनेची खरी नस्त वाचायला द्यावी आणि दुसऱ्या दिवशी त्यावर दोन पानांची टिप्पणी लिहून घ्यावी. टिप्पणी लिहिणे हे आपल्या कार्यालयांचे रोजचे काम आहे. दोन पानांत माणूस कळतो. प्रश्न कुठे आहे हे त्याला दिसले का, कायद्याची चौकट त्याला माहीत आहे का, पैसे कुठून येणार याचा त्याने विचार केला का आणि अप्रिय गोष्ट वरिष्ठांना स्पष्ट शब्दांत सांगण्याची त्याची तयारी आहे का, हे सारे त्यात उतरते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला आक्षेप आतल्या अधिकाऱ्यांचा. खुली जाहिरात दिली तर आयुष्यभर खात्यात झिजलेल्या माणसावर बाहेरचा येऊन बसेल, ही त्यांची भीती खरी आहे आणि मी तिचा आदर करते, कारण कनिष्ठ अभियंता म्हणून लागलेला माणूस शहर अभियंता होऊ शकतो ही आशाच अनेकांना प्रामाणिक ठेवते. म्हणून पदोन्नतीचा मार्ग बंद करावा असे माझे म्हणणे नाही. अंतर्गत उमेदवाराला त्याच विवरणावर, त्याच समितीसमोर आपली योग्यता दाखवण्याची पूर्ण संधी मिळावी आणि निवड झाल्यास प्रभारी न ठेवता पूर्ण पद, पूर्ण वेतन आणि निश्चित मुदत मिळावी. आज तो माणूस अतिरिक्त कार्यभारावर खाते ओढतो आणि मूळ पदाच्या वेतनावरच निवृत्त होतो. त्याच्या हिताच्या नावाखाली ही पद्धत चालू ठेवणे योग्य नाही. घटनात्मक बाजूही स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी प्रकरणात १० एप्रिल २००६ रोजी दिलेल्या निकालाने सार्वजनिक नोकरीतील नेमणूक ही अनुच्छेद १४ आणि १६ ला धरून, खुल्या स्पर्धेनेच व्हावी हे तत्त्व पुन्हा अधोरेखित केले. तो निकाल मुख्यतः तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या संदर्भातला असला, तरी शिपाईपदासाठी जे तत्त्व आपण काटेकोर पाळतो ते सर्वांत वरच्या पदाला लावायला कचरण्याचे कारण दिसत नाही.

आरक्षणाविषयी थोडक्यात लिहिते. एकाकी पदाला, म्हणजे संवर्गात एकच असलेल्या पदाला, आरक्षण लागू होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल आहे आणि खातेप्रमुखाची अनेक पदे एकाकीच असतात. त्यामुळे सामाजिक प्रतिनिधित्व जपायचे तर खालच्या टप्प्यांवरच्या पदोन्नत्या वेळेवर आणि बिंदुनामावलीप्रमाणे झाल्या पाहिजेत, म्हणजे वरच्या पदासाठी पात्र ठरणाऱ्यांत सर्व समाजघटकांतील अधिकारी असतील. पदोन्नती समितीच्या बैठका रखडतात तेव्हा सर्वाधिक नुकसान याच अधिकाऱ्यांचे होते, हे मी पाहिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निवडीत सभागृहाचा सहभाग वाढवला, तर नगरसेवक आपापल्या माणसांसाठी आग्रह धरतील आणि खातेप्रमुख हा पक्षांच्या वाटणीचा विषय होईल, असे अनेक सुजाण लोक म्हणतात. हा धोका आहेच. पण या प्रश्नावर महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी खोल विचार झालेला आहे. मुंबईत १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती आयुक्त म्हणून जवळजवळ सर्व सत्ता आली, शहरात कामे झाली, पण खर्चावर कोणाचा अंकुश राहिला नाही आणि १८७१ मध्ये करदाते खवळून उठले. त्या वेळी तरुण फिरोजशहा मेहता यांनी समतोल भूमिका मांडली. कार्यकारी अधिकार एका जबाबदार अधिकाऱ्याकडेच असावेत, मात्र त्याच्यावर लोकनियुक्त संस्थेची आणि हिशेबतपासणीची खरी देखरेख असावी, असे त्यांचे म्हणणे होते, आणि १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यावर त्या विचाराची छाप आहे. निवडीलाही तोच समतोल लावता येईल. समितीत आयुक्त, त्या विषयाचा महापालिकेबाहेरचा तज्ज्ञ, राज्य शासनाच्या संबंधित संचालनालयाचा प्रतिनिधी आणि सभागृहातील सत्ताधारी व विरोधी अशा दोन्ही बाजूंचा एकेक सदस्य असावा. प्रत्येकाने विवरणातील निकषांवर स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि निवडीची कारणे लेखी नोंदवून ती सर्वसाधारण सभेपुढे ठेवावीत. शिफारस बंद दाराआड चालते, लेखी कारण देण्याची वेळ आली की तिचे बळ बरेच कमी होते.

लहान नगरपरिषदांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे मुख्याधिकारी राज्य संवर्गातून, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो आणि ते योग्यच आहे, कारण ‘क’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान गटातील, नगरपरिषदेला स्वतंत्र निवड प्रक्रिया झेपणार नाही. मात्र तिथेही नव्या मुख्याधिकाऱ्याच्या हाती गावाच्या गरजांचे एक विवरण देता येईल.

माझी विनंती आहे की निवडून येणाऱ्या प्रत्येक सभागृहाने पुढील पाच वर्षांत निवृत्त होणाऱ्या खातेप्रमुखांची यादी आस्थापना विभागाकडून पहिल्या काही महिन्यांतच मागवावी. ही माहिती सेवापुस्तकांत आहे, ती गोळा करायला एका लिपिकाला फार वेळ लागणार नाही. प्रत्येक पद रिकामे होण्याच्या किमान सहा महिने आधी त्या पदाचे विवरण तयार करून संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावे व त्यावर नागरिकांच्या, अभियंत्यांच्या, डॉक्टरांच्या आणि शिक्षकांच्या सूचना मागवाव्यात. जाणाऱ्या अधिकाऱ्याने किल्ल्यांच्या यादीसोबत खात्याच्या स्थितीचा लेखी अहवालही द्यावा आणि तो दिल्याशिवाय पदभार हस्तांतरण पूर्ण झाले असे मानू नये. अतिरिक्त कार्यभाराच्या आदेशात ‘पुढील आदेश होईपर्यंत’ या शब्दांच्या जागी निश्चित तारीख लिहावी आणि ती ओलांडायची असल्यास आयुक्तांनी सर्वसाधारण सभेला कारण कळवावे. निवड झालेल्या अधिकाऱ्याला तीन वर्षांच्या आत हलवायचे असेल तर त्याचीही कारणे सभेसमोर यावीत. सेवाप्रवेश नियमांत खुल्या निवडीची तरतूद करण्यासाठी नगरविकास विभागाची मान्यता लागेल, तो प्रस्ताव समांतरपणे पाठवता येईल. पण पदाचे विवरण लिहिण्यासाठी कोणत्याही कायद्यात दुरुस्ती करावी लागत नाही, कोणाची मंजुरी लागत नाही आणि खर्चही येत नाही. त्याचा पहिला मसुदा नगरसचिवांमार्फत पुढच्याच सर्वसाधारण सभेच्या कार्यपत्रिकेवर घेता येईल.

आपली विश्वासू,
महापालिकेच्या आस्थापना विभागातील एक निवृत्त अधिकारी